मिरी शोधायला निघाले, मिरची हाती लागली

एप्रिल लागला की आमच्या घरी चटणीची गडबड सुरू होते. आमच्या बेळगाव भागात चटणी म्हणजे वर्षभराचं लाल तिखट. त्यासाठी सासूबाई आणि मी रविवार पेठेत मिरची घ्यायला जातो. दुकानाच्या दारातच पोती उघडी मांडलेली असतात आणि आत पाऊल टाकायच्या आधी ठसका लागतो. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला, आणि दोन्हींचं प्रमाण सासूबाईंच्या डोक्यात पक्कं. त्या ब्याडगीची एक मिरची उचलतात, देठाकडून मोडतात, बिया तळहातावर झटकतात आणि साल उजेडाकडे धरतात. दुकानदार म्हणतो, "अक्का, रंग बघा, रंग." आमच्याशी तो मराठीत बोलतो आणि शेजारच्या बैलहोंगलच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये. त्याच मालाला तिकडे तो म्हणतो मेणसिनकाई.

या शब्दापाशी मी दरवर्षी थबकते. कन्नडमध्ये मेणसु म्हणजे मिरी, काळी मिरी. काई म्हणजे कच्चं फळ. मेणसिनकाई म्हणजे मिरीचं फळ. आपण मराठीतही तेच केलंय, मिरीवरून मिरची. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं या दोघींचा काही संबंध नाही, एक वेल आणि एक झुडूप. पण नवी वस्तू दारात आली तेव्हा दोन्ही भाषांतल्या माणसांनी तिला जुन्या ओळखीच्या वस्तूचं नाव देऊन घरात घेतलं. जगाच्या गेल्या हजार वर्षांच्या इतिहासातला फार मोठा तुकडा या एका नावात बसलेला आहे.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवते. दहावीतल्या एका मुलानं विचारलं होतं, "बाई, जागतिकीकरण १९९१ साली सुरू झालं ना?" गाईडात तसंच होतं. मी त्याला "नाही" म्हटलं, आणि मग ते "नाही" समजावण्यात आठवडा गेला. त्या आठवड्यात फळ्यावर जे जे आलं ते इथे लिहिते आहे.

सुरुवात आपल्या किल्ल्यापासून करू. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, तुम्ही पाहिली असेल, छताला दगडी कमळ असलेली. ती रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातली, त्याच्या मंत्र्यानं बांधवलेली. तिच्याशी निगडित १२०४ सालचा एक शिलालेख आहे. त्यात बेळगावचं नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचं गाव. बस्तीच्या खर्चासाठी बाजारातल्या व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर ठरावीक देणगी बांधून दिली, असा तो मजकूर आहे. त्यात स्थानिक सोनार, कापडवाले, तेलवाले आहेत. पण त्यांच्याबरोबर लाट देशाचे, म्हणजे गुजरातकडचे व्यापारी आहेत, आणि मलयाळ देशाचे, म्हणजे केरळचेही. आठशे वर्षांपूर्वी बेळगावच्या बाजारात गुजराती आणि मल्याळी माणूस एकाच बस्तीसाठी वर्गणी काढत होता!

ही माणसं इतक्या लांब येऊन कुणाच्या भरवशावर धंदा करत? रस्त्यात चोर, परक्या राज्यात ओळख नाही, उधारी बुडाली तर दाद कुठे मागायची? याचं उत्तर म्हणजे श्रेणी, व्यापाऱ्यांचा संघ. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं ऐहोळे आज देवळांसाठी प्रसिद्ध आहे, पण मध्ययुगात ते अशाच एका बलाढ्य संघाचं मूळ गाव होतं. अय्यावोळेचे पाचशे, असं त्या संघाचं नाव. नाव पाचशेंचं, पण पसारा त्याहून कितीतरी मोठा. संघाचे स्वतःचे नियम होते, स्वतःचे हत्यारबंद रक्षक होते, आणि सभासदाचा शब्द संघाची पत बघून चालायचा. त्यांचा एक तमिळ शिलालेख समुद्रापार सुमात्रा बेटावर बारूस इथे सापडला आहे, १०८८ सालचा. राजा बदलला, राज्य बदललं तरी संघाची पत टिकून राहायची. आजच्या बँकेचं आणि विमा कंपनीचं काम तेव्हा असं चालायचं.

समुद्रावरचा व्यापार वाऱ्यावर होता. पावसाळ्याच्या तोंडाला वारा अरबस्तान-आफ्रिकेकडून आपल्याकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटा. या वाऱ्यावर जहाज एकदा आलं की परतीचा वारा सुटेपर्यंत खलाशी आणि व्यापारी किनाऱ्यावर अडकून पडायचे. काही महिने म्हणजे भाषा शिकायला, लग्न करायला, मशीद नाहीतर मठ बांधायला पुरेसा वेळ. किनाऱ्यावरच्या गावांत इतके धर्म आणि इतक्या बोली शेजारी शेजारी दिसतात, त्याचं एक मोठं कारण हे वाऱ्याचं वेळापत्रक आहे.

आता घाटाच्या वर काय यायचं? घोडे. दख्खनच्या हवेत चांगली घोड्याची पैदास होत नसे, म्हणून इराण-अरबस्तानातून दरवर्षी घोडे आणावे लागत आणि ते उतरत गोव्यासारख्या बंदरांत. तिथून घाट चढून वर. घोडदळाशिवाय राज्य नाही आणि गोव्याशिवाय घोडदळ नाही, असा मामला. बहमनी वजीर महमूद गवाननं १४७२ च्या सुमारास गोवा घेतलं आणि पाठोपाठ बेळगावचा किल्ला, त्यामागे हा हिशेब होता. हा गवान मुळात इराणच्या गिलान प्रांतातून आलेला व्यापारी. त्याचा किताब होता मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. त्याचा मदरसा बिदरला आजही उभा आहे. मुलांना मी सांगते, बेळगावच्या तटावर तोफा लावणाऱ्या माणसाच्या नावातच व्यापार होता.

व्यापाराच्या वाटेनं माल जातो तसा रोगही जातो. १३४७ साली काळ्या समुद्राकडून इटलीच्या बंदरांत आलेल्या जहाजांबरोबर प्लेग युरोपात शिरला आणि चार-पाच वर्षांत तिथली निदान एक तृतीयांश माणसं गेली. मजूर उरले नाहीत, म्हणून उरलेल्यांची मजुरी वाढली आणि जुनी सरंजामी घडी सैल झाली. 

आता मिरीकडे. मिरी केरळात पिकायची. तिथून अरब जहाजांतून एडन, पुढे इजिप्त, मग व्हेनिसचे व्यापारी आणि शेवटी युरोपातलं ताट. प्रत्येक हात आपला नफा चढवायचा. केरळच्या शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि युरोपातल्या सरदारानं मोजलेला भाव, यांत जमीन-अस्मानाचा फरक. मधले हात टाळून थेट शेताच्या बांधावर पोचायचं, या एका इच्छेपायी पोर्तुगाल आणि स्पेननं समुद्र पालथा घातला. १४९२ साली कोलंबस पश्चिमेकडून हिंदुस्थान गाठायला निघाला आणि अमेरिकेच्या बेटांना लागला. तिथे त्याला मिरी मिळाली नाही, तिखट लागणारं एक लाल फळ मिळालं. १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोचला. १५१० साली पोर्तुगिजांच्या आल्बुकर्कनं गोवा घेतलं. अमेरिकेतलं ते लाल फळ पोर्तुगिजांच्या जहाजातून आपल्याकडे आलं आणि घाट चढलं. त्याआधी आपल्या स्वयंपाकाला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा होता. मिरी महाग होती, मिरची मात्र परसात उगवायची, म्हणून गरिबाच्या भाकरीवर ती पहिल्यांदा आली आणि तिथेच राहिली.

मुलांना मी घरातल्या वस्तूंची यादी करायला लावली आणि मग त्यातून अमेरिकेतून आलेलं सगळं खोडायला सांगितलं. बटाटा गेला, टोमॅटो गेला, मका गेला, शेंगदाणा गेला. पेरू, अननस, काजू, तंबाखू गेले. खानापूर-चंदगडच्या डोंगरातला काजू पोर्तुगिजांनी आणलेला. निपाणीच्या वखारीतला तंबाखू, ज्याच्यावर तिथल्या हजारो बायकांचं विडी वळून घर चालतं आणि ज्याच्या भावासाठी १९८१ साली शेतकरी रस्त्यावर बसले, तोही अमेरिकेचाच. शब्दसुद्धा त्यांच्याबरोबर आले. बटाटा, काजू, अननस, पगार, चावी, लिलाव, घमेलं, बिजागरी, हे सगळे पोर्तुगिजांकडून आलेले शब्द आपण जन्मापासून मराठी म्हणून वापरतो. दोन जगांमधल्या या अदलाबदलीला इतिहासकार कोलंबसच्या नावावरून कोलंबियन देवाणघेवाण म्हणतात. वर्ग हसत होता, कारण डब्यात उरली होती फक्त जोंधळ्याची भाकरी.

पण ही देवाणघेवाण बरोबरीची नव्हती आणि हे शिकवताना मला दरवेळी आवाज सांभाळावा लागतो. युरोपातून अमेरिकेत देवी, गोवर असे रोग गेले. तिथल्या माणसांच्या शरीराला त्यांची ओळख नव्हती, आणि शंभर-दीडशे वर्षांत मूळ लोकसंख्येचा फार मोठा भाग नाहीसा झाला. मग ऊस, तंबाखू आणि कापसाच्या मळ्यांवर राबायला माणसं कुठून आणायची? आफ्रिकेतून. साडेतीनशे वर्षांत सुमारे सव्वा कोटी माणसं साखळदंडात जहाजांवर चढवली गेली, आणि त्यांतली लाखो वाटेतच मेली. युरोपातून कापड आणि बंदुका आफ्रिकेला, आफ्रिकेतून माणसं अमेरिकेला, अमेरिकेतून साखर आणि कापूस युरोपला. या तीन कोनांच्या फेऱ्याला त्रिकोणी व्यापार म्हणतात. माणूस हा माल झाला, म्हणून या व्यापाराला नफा सुटला.

हा धडा शिकवत असताना माझ्या वर्गात एक सिद्दी मुलगी बसलेली होती. खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या पुष्कळांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं आणि ते तिथून निसटून घाटातल्या रानात आले. नकाशावर मी आफ्रिकेपासून ब्राझीलकडे खडूनं बाण काढला. ती मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, एक बाण इकडेपण काढा." मी खडू तिच्याच हातात दिला. तिनं आफ्रिकेपासून गोव्यापर्यंत रेघ ओढली आणि मग गोव्यापासून आमच्या घाटापर्यंत एक बारीक, वेडीवाकडी रेघ. तो फळा मी दोन दिवस पुसू दिला नाही.

पोर्तुगिजांच्या मागोमाग आली कंपनी. ही कल्पना नीट समजून घ्यायला हवी, कारण आजचं सगळं जग तिच्यावर चालतं. आपल्या गल्लीत भिशी असते. वीस बायका पैसे टाकतात, एकमेकींची तोंडं ओळखीची असतात. आता समजा भिशी वीस हजार जणांची झाली, कुणी कुणाला ओळखत नाही, तुमचा भाग तुम्ही मधेच तिसऱ्याला विकू शकता, आणि धंदा बुडाला तर तुमचा टाकलेला पैसा जाईल, पण घरावर जप्ती येणार नाही. ही झाली भागभांडवलाची कंपनी. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली आणि डचांची १६०२ साली, अशी उभी राहिली. एकट्या सावकाराला जो धोका झेपला नसता, तो हजारो जणांत वाटला गेला. कंपनीची दुसरी खुबी म्हणजे सरकारनं तिला सैन्य ठेवायची, तह करायची परवानगी दिली होती. आपल्याकडे त्यांच्या वखारी सुरत, राजापूर, कारवार, हुबळी इथे होत्या. १६७३ साली मराठ्यांनी हुबळी लुटली तेव्हा इंग्रजांच्या वखारीचाही माल गेला आणि त्याची भरपाई मागत ते पुढे कित्येक वर्षं पत्रं लिहीत राहिले. आपल्या भागात तोवर ते फक्त व्यापारी होते. १८१८ साली कंपनीचा सेनाधिकारी मन्रो यानं बेळगावचा किल्ला घेतला.

आणखी एक गोष्ट मुलांना हमखास गोंधळात टाकते. युरोपकडे आपल्याला विकण्यासारखं काय होतं? फारसं काही नव्हतं. मिरी, मलमल, नीळ, सगळं इकडचं. मग ते पैसे कशात देत? चांदीत. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात १५४५ साली चांदी सापडली. तिथल्या मूळ रहिवाशांना खाणीत घालून स्पेननं ती उपसली आणि फिरत फिरत तिचा मोठा वाटा हिंदुस्थान आणि चीनमध्ये आला. सारं जग पहिल्यांदा एका धाग्यात ओवलं गेलं ते इथे.

पुढे धागा उलटा फिरला. इंग्लंडमध्ये यंत्रावर सूत निघायला लागलं आणि आपण कापड विकणारे होतो ते कापूस विकणारे झालो. धारवाडकडे सरकारनं १८४० च्या दशकात अमेरिकन कापसाचं बियाणं रुजवलं. सौंदत्ती-बैलहोंगलच्या काळ्या जमिनीतलं कापसाचं पीक आधीपासूनचं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचेना आणि इथला भाव काही पटींनी चढला. कुमठा बंदराकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली. शेतकऱ्यांनी जोंधळा कमी करून कापूस लावला, कर्जं काढली. १८६५ ला युद्ध थांबलं आणि भाव कोसळला. कर्ज मात्र राहिलं. अकरा वर्षांनी, १८७६ ला पाऊस गेला. त्या दुष्काळात बेळगाव, विजापूर, धारवाड होरपळून निघाले. त्याच काळात हिंदुस्थानातून गहू इंग्लंडला जात होता, कारण तिथे भाव चांगला होता. बाजारात धान्य होतं, विकत घ्यायला भुकेल्याच्या हातात पैसा नव्हता. दहावीच्या मुलांना याहून कठीण दुसरं काही समजावताना मला आठवत नाही. पाऊस पडला नाही हे त्यांना लगेच कळतं. धान्य असूनही माणूस मेला, हे कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायला हवा.

नंतरचं मी भराभर सांगते. १८६९ ला सुएझ कालवा, तारायंत्र, आमच्या लोंढ्याहून मुरगावला गेलेली रेल्वे, १८८७ ला गोकाकच्या धबधब्यावर उभी राहिलेली सूतगिरणी. जग भराभर जवळ आलं आणि १९१४ च्या युद्धानं ते पुन्हा फाटलं. १९२९ च्या मंदीत देशांनी आपापली दारं लावून घेतली. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९४४ साली, अमेरिकेत ब्रेटन वुड्सला बैठक होऊन जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ठरले. १९४७ ला देशादेशांत व्यापार आणि जकातीचा सर्वसाधारण करार (गॅट) झाला आणि १९९५ ला त्याची जागतिक व्यापार संघटना झाली.

या सगळ्या करारांइतकाच बदल एका लोखंडी पेटीनं घडवला, असं माझं मत आहे. १९५६ साली माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्यानं जहाजावर ५८ कंटेनर चढवले. त्याआधी प्रत्येक पोतं, प्रत्येक पिंप हमालाच्या पाठीवरून जहाजात जायचं, त्यात दिवसच्या दिवस जायचे. पेटी एकसारखी झाली आणि ट्रक, रेल्वे, जहाज या तिन्हींवर तशीच बसू लागली. समुद्रापार माल नेणं इतकं स्वस्त झालं की एका वस्तूचे दहा भाग दहा देशांत करून अकराव्या देशात जोडणं परवडायला लागलं. हत्तरगीला महामार्गाच्या कडेला विमानांचे सुटे भाग तयार होतात आणि परदेशात उभ्या राहणाऱ्या विमानांत ते बसतात, ते याच साखळीत.

मग १९९१ ला काय झालं? परकीय चलन संपत आलं, सोनं गहाण टाकावं लागलं आणि त्या जुलैत भारतानं आयातीवरची आणि परवान्यांची बंधनं सैल केली. आपण एका जुन्या रस्त्यावर नव्या अटींनी पुन्हा उतरलो, इतकंच. गाईडात हे एक वाक्य जोडलं तरी भागेल.

अटी काय आहेत, ते मिरचीलाच विचारावं. ब्याडगीच्या मिरचीचा रंग काढून तो खाद्यपदार्थांत आणि ओठांच्या लालीत वापरण्यासाठी परदेशी जातो. २०२४ च्या मार्चमध्ये ब्याडगीच्या बाजारात भाव एकदम घसरला आणि शेतकऱ्यांचा संताप इतका उसळला की गाड्या जळाल्या. अथणी-निपाणीकडच्या चपला बनवणाऱ्यांचंही तसंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, आपला बेळगाव त्यात आहे. चामड्याच्या पट्ट्याला वेणी घालणाऱ्या बायकांना सीमा या बाजूची की त्या बाजूची, असा प्रश्न पडत नाही. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलानच्या एका फॅशन शोमध्ये हुबेहूब तशा चपला दिसल्या आणि सुरुवातीला मूळ गावाचा, मूळ हातांचा उल्लेखही नव्हता. ओरड झाल्यावर तो झाला.

आठवड्याच्या शेवटच्या तासाला मी मुलांना त्या १२०४ च्या शिलालेखाची प्रत दाखवली, छापून आणलेली. ते विचारायला लागले, "बाई, किल्ल्यात बघायला जाऊ या का?" मी म्हटलं, तो दगड किल्ल्यात नाही. तो लंडनला आहे, ब्रिटिश म्युझियममध्ये. वर्ग गप्प झाला. मग कागद बाकांवरून फिरायला लागला. जुनं कन्नड आहे ते, आमच्या मुलांना शाळेत कन्नड असलं तरी सहजी वाचता येत नाही. शेवटच्या बाकावरच्या एकानं कागद डोळ्यांजवळ नेला, बोटानं एक एक ओळ चाचपत खाली आला आणि ओरडला, "बाई, हा 'ल' आहे!" आणि मग सगळ्यांनी तो 'ल' बघायला त्याच्या बाकावर गर्दी केली.